पाच रात्रींची क्रूझ : कपडे किती न्यावेत आणि धुवावेत कुठे?

प्रश्न (दादर) : डिसेंबरमध्ये आम्ही चौघे मुंबईहून लक्षद्वीपमार्गे पाच रात्रींच्या क्रूझला जाणार आहोत. सासूबाई सुती नऊवारीच नेसतात आणि रोजचे धुणे रोज झाले नाही तर त्यांना चैन पडत नाही. लहानशा केबिनमध्ये हे कसे जमवावे?

उत्तर (गिरगाव) : ताई, जहाजावरील लॉन्ड्रीत प्रत्येक कपड्यामागे दर आकारतात, त्यामुळे तेथे केवळ नेसत्या साड्याच द्याव्यात. आतले कपडे न्हाणीघरातील बेसिनमध्ये धुऊन, कोरड्या टॉवेलात गुंडाळून घट्ट पिळावेत. टॉवेल पाणी शोषून घेतो आणि एरवी दुसऱ्या दिवशीही दमट राहणारे कापड सकाळपर्यंत सुकते. बहुतेक जहाजांवर केबिनच्या भिंती पोलादी असल्याने चुंबकाचे हूक त्यांना चिकटतात व दोरी बांधता येते. बाल्कनीत मात्र काही वाळत घालू नये, वाऱ्याने ते थेट समुद्रात जाते. माझ्या आईचे लुगडे असेच गेले, त्याची हळहळ अजून वाटते.

उत्तर (ठाणे) : आगीच्या भीतीने इस्त्री नेऊ देत नाहीत, म्हणून चुरगळणारे कपडे टाळावेत. बॅलार्ड पिअरला सोपवलेले सामान केबिनमध्ये उशिरा पोहोचते, तेव्हा औषधे आणि सासूबाईंचे एक लुगडे हातातल्या पिशवीत अवश्य ठेवावे.

प्रश्नकर्ती : मनापासून आभार. हूक आजच आणते.