इन्व्हर्टरची बॅटरी फुटली, घराच्या नुकसानीचे पैसे कोण देते?

मानेवाडा_रिंगरोड:
नमस्कार मंडळी. मागच्या आठवड्यात भर दुपारी लाईट आली, इन्व्हर्टर चार्जिंगवर गेला अन् हॉलमधली बॅटरी धाडकन फुटली. ट्युब्युलर, १५० एएच, अजून वॉरंटीत आहे. नशीब पोरं आतल्या खोलीत कूलरपाशी होती. ॲसिड सोफ्यावर, टीव्ही युनिटवर, भिंतीवर, अन् मार्बलवर तं फेस येऊन राहिला होता. बायकोने खायचा सोडा टाकला, पण पॉलिश गेलीच, खडबडीत चट्टे पडले. आता दुकानदार म्हणते नवीन बॅटरी देतो, जुनी उचलून नेतो, या कागदावर सही करा. सोफा-फरशीचं विचारलं तं म्हणते ‘वॉरंटी बॅटरीची आहे भाऊ, घराची नाही’. कंपनीचा माणूस म्हणते पाणी टाकलं नसेल. अरे टाकतो ना बाप्पा, पाण्याची पातळी दाखवणारे फ्लोट वरच होते!

बुल्डीवाला:
घेऊन टाका भाऊ नवी बॅटरी. काहून कोर्टाच्या भानगडीत पडता, चपला झिजतील.

धंतोली_वकील:
सही करू नका. आणि ती फुटलेली बॅटरी तर अजिबात देऊ नका, तोच तुमचा सगळ्यात मोठा पुरावा आहे. ग्राहक आयोग ती लॅबमध्ये तपासायला पाठवू शकतो, पण ती भंगारात गेल्यावर काय पाठवणार? बाल्कनीत प्लास्टिकच्या टबात ठेवा, हातमोजे घालून, पोरांपासून लांब. सिरियल नंबरचा, चट्ट्यांचा, सोफ्याचा फोटो काढा. मार्बल पॉलिशवाल्याकडून आणि सोफेवाल्याकडून लेखी कोटेशन घ्या, तोंडी आकड्याला कोणी विचारत नाही.
दुकानदाराचं ते वॉरंटीचं वाक्य अर्धंच खरं आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये ‘प्रॉडक्ट लायबिलिटी’ म्हणून वेगळं प्रकरणच आहे. सदोष वस्तूमुळे तुमच्या दुसऱ्या मालमत्तेचं नुकसान झालं तर बनवणाऱ्यावर दावा करता येतो. खुद्द बॅटरीची किंमत त्यात धरत नाहीत, ती सदोष माल म्हणून त्याच तक्रारीत वेगळी मागायची. आधी कंपनी आणि दुकानदार दोघांना लेखी नोटीस द्या, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर पण नोंदवा. नाही ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग, तुम्ही नागपुरात राहता तर इथेच दाखल होते, कंपनी कुठलीही असो. मुदत २ वर्षं. वस्तूला ५ लाखांपर्यंत पैसे मोजले असतील तर फी शून्य, वकील लावलाच पाहिजे असं नाही (माझ्या धंद्याविरुद्ध बोलून राहिलो, पण खरं आहे).

बुल्डीवाला:
अन् निकाल किती वर्षांनी लागते ते पण सांगा की साहेब.

धंतोली_वकील:
कायद्यात ३ महिने लिहिलंय, माल तपासायचा असला तर ५. प्रत्यक्षात जास्त लागतात, खोटं कशाला बोलू. पण नोटीस गेल्यावर बरेचदा कंपनी तडजोडीला येते. तेव्हा आकडा कोटेशनवरून ठरवा, त्यांच्या दयेवर नाही.

तांडापेठ_इलेक्ट्रिशियन:
भाऊ एक गोष्ट कोणी नाही बोललं. बॅटरी फुटते म्हणजे आत हायड्रोजन साठला अन् ठिणगी पडली. ते बॅटरीच्या आतल्या शॉर्टमुळे होते, व्हेंट म्हणजे गॅस बाहेर जायचं छिद्र चोक झाल्याने होते, नाही तं इन्व्हर्टर ओव्हरचार्ज करत असल्याने. इन्व्हर्टर कोणत्या कंपनीचा? वेगळ्या कंपनीचा असला तं बॅटरीवाला त्याच्यावर ढकलते, तो ह्याच्यावर, अन् तुम्ही मधात लटकता. नवीन बॅटरी लावायच्या आधी चार्जिंग व्होल्टेज मोजून घ्या, नाही तं ती पण जाईल. इन्व्हर्टर उघडू नका, मग म्हणतील तुम्हीच छेडछाड केली.

मानेवाडा_रिंगरोड:
इन्व्हर्टर दुसऱ्या कंपनीचा आहे, पण दोन्ही एकाच दुकानातून, एकाच बिलावर, अन् लावला पण त्याच्याच पोराने.

धंतोली_वकील:
मग बॅटरी कंपनी, इन्व्हर्टर कंपनी आणि दुकानदार, तिघांनाही तक्रारीत पार्टी करा. त्याच्याच पोराने जोडलं असेल तर दुकानदाराला ‘मी फक्त विकलं’ म्हणून हात झटकता येत नाहीत. डिस्टिल्ड वॉटरची बिलं आहेत का?

मानेवाडा_रिंगरोड:
काही आहेत, काही वेळा यूपीआयने दिले, ते हिस्ट्रीत सापडतील. दुकानदाराचा आज परत फोन आला, बॅटरी न्यायला माणूस पाठवू का म्हणून. नाही म्हणून सांगितलं, अन् तेच व्हॉट्सॲपवर लिहूनही टाकलं.

धंतोली_वकील:
बरोबर केलं. त्याने काय उत्तर दिलं त्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा.