चार इसा न् तीन: तुमच्या घरात कुणी अजून विसांनी मोजतं का?

शेणीवाली_नात, कोल्हापूर
माझी आज्जी कागलकडची, शाळेचं तोंड न बघितलेली. पंचगंगेच्या स्मशानभूमीला शेणी द्यायच्या असल्या की मोजायला तीच बसायची. वीस झाल्या की एक खडा बाजूला, परत एकपासून. शेवटी खडे बघून म्हणायची, "चार इसा न् तीन." मी दहावीत होते. "आज्जी, त्र्याऐंशी म्हण की!" असं दोन-तीनदा चारचौघात म्हणाले. त्यानंतर माझ्यासमोर तिनं मोजलंच नाही. आता ती नाही.

परवा ग्वाटेमालातल्या त्सुतुहील या माया भाषेबद्दल वाचलं. तिथली जुनी मोजणीही विसाची. वीस म्हणजे 'एक माणूस', हातापायांची सगळी बोटं धरून! वाचून रडूच आलं. आपल्याकडं असं मोजणारं कुणी उरलंय का?

भाषा_विद्यार्थी
आतित्लान सरोवराच्या काठावर, सान्तियागो आतित्लान, सान पेद्रो ला लागुना या गावांत त्सुतुहील बोलतात. किचे आणि काकचिकेल या माया भाषा तिच्या सख्ख्या बहिणी. नावातला 'त्सुतुह' म्हणजे मक्याचा तुरा. 'समोर' म्हणायला ते 'चेहरा' हाच शब्द वापरतात, आपण 'पाठीमागं' म्हणतो तसं. २००३च्या कायद्यानं ग्वाटेमालात माया भाषांना राष्ट्रीय भाषा म्हणून मान्यता मिळाली. तरी बऱ्याच माया भाषांत मोठे आकडे आले की लोक स्पॅनिशवर जातात. मोजणी आधी बाजारात सुटते, असं मला वाटतं. तुमची आज्जी चुकत नव्हती, ताई. तिचा हिशेब पुरा होता.

राधानगरीकर
आमची आई ७८ वर्षांची हाय, अजून इसानंच मोजती. नारळ, अंडी, लग्नातल्या पत्रावळ्या, सगळं. पंच्याहत्तर झालं तर "पाच कमी चार इसा" म्हनती. आमाला त्यात काय विशेष वाटलं न्हवतं बगा. रविवारी घरी जानार हाय, मोबाईलवर घेऊ काय?

शेणीवाली_नात
घ्या दादा, नक्की घ्या. शंभराच्या पुढं काय म्हणतात तेही ऐकायचंय, पाच इसा का शेकडा. फक्त मोजायला काहीतरी खरंखुरं द्या, अंडी किंवा नारळ. आणि मध्ये कुणाला बोलू देऊ नका. आकडा चुकला असं वाटलं तरी.