शब्दचर्चा : ‘मेंदूत पाणी झाले’ म्हणावे की आणखी काही?

प्रश्न (नौपाडा, ठाणे)

माझ्या मावशी ७४ वर्षांच्या आहेत. गेल्या वर्षभरात त्यांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे पडू लागले, उंबऱ्यापाशी त्या थबकू लागल्या, लघवीवरचा ताबा सुटू लागला आणि गॅस बंद केला का, हे त्या चारचारदा विचारू लागल्या. वयोमानाने होते, असे म्हणून आम्ही सोडून दिले. एमआरआय पाहून डॉक्टर म्हणाले, ‘मेंदूत पाणी झाले आहे.’ रिपोर्टवर नाव आहे ‘नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस’. गावी मामांना हे फोनवर सांगितले, तेव्हा त्यांनी विचारले, ‘पाणी झाले म्हणजे आले कुठून?’ मला उत्तर देता आले नाही. याला मराठीत नेमके काय म्हणावे? आणि हा स्मृतिभ्रंशच का?

प्रतिसाद (वाशी, नवी मुंबई)

आपल्या मामांनी नेमक्या क्रियापदावर बोट ठेवले आहे. पोटात किंवा फुप्फुसात ‘पाणी होते’, तेव्हा जिथे ते एवढे नसायला हवे तिथे ते जमते. मेंदूचे तसे नाही. तिथे जन्मापासून पाणी असतेच. प्रौढ माणसात ते एका वेळी सुमारे १५० मिलिलिटर असते आणि दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर नवे तयार होते, म्हणजे ते दिवसातून तीनेक वेळा बदलले जाते. ते मुख्यतः मेंदूच्या आतल्या पोकळ्यांमधील झुपकेदार जाळ्यांत पाझरते, तिथून मेंदूच्या आणि मज्जारज्जूच्या भोवती फिरते आणि शेवटी रक्तात व लसिकावाहिन्यांत (लिम्फच्या नलिकांत) शोषले जाते. या पाण्यासाठी पाठ्यपुस्तकातला ‘मस्तिष्कमेरुद्रव’ हा शब्द जिभेला जड असला तरी अचूक आहे.

‘जलशीर्ष’ हे ‘हायड्रोसेफॅलस’ या ग्रीक नावाचे शब्दशः भाषांतर. तान्ह्या बाळाच्या बाबतीत ते शोभते, कारण कवटीची हाडे जुळलेली नसल्याने डोके खरोखरच मोठे होते. मावशींच्या वयात मात्र डोक्याचा आकार तसाच राहतो आणि फुगतात त्या आतल्या पोकळ्या. त्यातही हा प्रकार फसवा आहे, कारण पोकळ्या रुंदावलेल्या असूनही पाठीतून सुई घालून मोजलेला दाब सहसा सामान्य भरतो. सालोमोन हाकिम, रेमंड अ‍ॅडम्स हे मेंदूविकारांचे डॉक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली त्याचे वर्णन केले. ‘सामान्य’ हे विशेषण येथे दाबाचे आहे, आजाराचे नव्हे. म्हणून ‘सामान्यदाब’ हा शब्द जोडूनच लिहावा, नाहीतर नातेवाईक ‘आजार सामान्य आहे’ असे वाचून निश्चिंत होतील.

‘तुंबले’ म्हणावे, तर नाला तुंबतो तेव्हा कुठेतरी कचरा अडकलेला असतो, आणि या आजारात तसा अडसर सापडत नाही. मी ‘निचरा मंदावला’ असे म्हणेन.

प्रतिसाद (कळवा, ठाणे)

‘निचरा’ मला मान्य आहे, पण त्या एका शब्दात दोन गोष्टी कोंबल्या जाऊ नयेत. द्रव बाहेर जाणे ही एक, आणि त्याने मेंदूच्या पेशींमधला कचरा धुऊन नेणे ही दुसरी. दुसरीसाठी २०१२ साली उंदरांवरील प्रयोगांतून ‘ग्लिम्फॅटिक’ हा शब्द पुढे आला. ग्लिया (मेंदूतल्या आधार देणाऱ्या) पेशी आणि लसिका यांची ती जोडणी आहे, त्यामुळे मराठी प्रतिशब्द घडवण्याचा अट्टहास न करता तो तसाच ठेवावा. म्हाताऱ्या उंदरांत हा प्रवाह मंदावलेला आढळला. अल्झायमरमध्ये साचणारे अमायलॉइड हे प्रथिन याच वाटेने जात असावे, म्हणून वार्धक्य आणि स्मृतिभ्रंश यांच्याशी त्याचा संबंध जोडला जातो. पण निचरा मंदावल्याने आजार होतो की आजाराने निचरा मंदावतो, हा वाद मिटलेला नाही. ‘झोपेत मेंदू धुतला जातो’ हे वाक्य २०१३ च्या प्रयोगांनंतर सर्वतोमुखी झाले, मात्र २०२४ साली उंदरांवरच उलट निष्कर्ष निघाले. मराठीत ‘धुतला जात असावा’ असे म्हणण्याची सोय आहे, ती वापरावी.

आता ‘स्मृतिभ्रंश’. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात तो क्रोधातून उपजतो, वयाशी त्याचा संबंध नाही. वैद्यकात आपण तो डिमेन्शियासाठी घेतला आणि सगळे लक्ष स्मृतीकडे गेले. मावशींच्या आजारात बहुधा आधी चाल बिघडते, विसर मागून येतो. शिवाय या प्रकारात शस्त्रक्रियेने पुष्कळदा सुधारणा होते, विशेषतः चालीत. ‘म्हातारचळ’ आणि ‘साठी बुद्धी नाठी’ या थट्टेच्या शब्दांनी मात्र तपासणीच लांबते.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचेही आभार. ‘पाणी आधीपासूनच होते, निचरा मंदावला’ एवढे सांगताच मामांना उमगले. पुढे त्यांना भीती होती की मणक्यातले पाणी काढले की माणूस अधू होतो. सुई मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली घालतात, हे मी समजावले. पाणी काढल्याने चाल सुधारते का हे पाहण्यासाठी मावशींचे ४० मिलिलिटर पाणी काढण्याआधी आणि काढल्यानंतर त्यांना त्याच बोळात चालवून पावले मोजली. आधी २६ लागली होती, नंतर १९.

आता शंट बसवायचा आहे. डोक्यातून कातडीखालून पोटापर्यंत नळी जाते आणि मध्ये झडप असते, असे सांगितल्यावर मी त्याला ‘पाट’ म्हटले. मामांनी लगेच दुरुस्त केले, ‘पाट पाणी आणायला असतो. जास्तीचे पाणी काढायला चर खणतात.’