पिकअपच्या हौद्यातून स्की नेताना कशा बांधाव्यात?

बर्फगोळा: अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या डेन्व्हरहून आय-७० महामार्गाने ब्रेकनरिजला स्कीइंगला जायचं आहे. क्रू कॅब (चार दारांची) पिकअप आहे, हौदा साडेपाच फुटी, वर झाकण नाही, टपावर रॅक नाही. स्कीच्या दोन जोड्या, १७० आणि १८० सेंमी. फाळका (हौद्याचं मागचं दार) पाडून टोकं बाहेर काढली तर चालेल का? बंजी दोरी पुरेल का? जाणकारांनी सांगावं.

तिरकी चाल: फाळका पाडायची गरजच नाही. साडेपाच फूट म्हणजे १६८ सेंमी, त्यामुळे सरळ मावणार नाहीत, पण तिरक्या मावतील. चाकांवरच्या दोन फुगवट्यांमधलं अंतर साधारण सव्वाचार फूट असतं, म्हणजे कर्ण २१० सेंमीच्या आसपास येतो. स्कीच्या रुंदीपोटी त्यातले दहाएक सेंमी सोडा, तरी १८० ची जोडी आरामात बसते. उघड्या फाळक्यावर मात्र टोकं प्रत्येक खड्ड्याला पत्र्याच्या कडेवर आपटतात.

आधी जोडी नीट बांधा. तळाला तळ लावायचा, स्कीचे ब्रेक (बूट सुटला की बर्फात रुतणारे दांडे) एकमेकांत अडकवायचे आणि रबरी तुकडा असलेले दोन स्की-पट्टे लावायचे: एक टोकाखाली, एक शेपटीजवळ, जिथे दोन्ही तळ खरोखर टेकतात तिथे. तो रबरी तुकडा तळांच्या मधोमध यायला हवा, नाहीतर एकीची पोलादी कड दुसरीचा तळ खरवडते. मधे, बूट अडकवायच्या बाइंडिंगपाशी, कॅम्बरची (स्कीच्या कमानीची) फट असते. ती आवळून मिटवू नका.

खाली रबरी मॅट हवी. हौद्याच्या प्लॅस्टिकच्या लायनरवर (अस्तरावर) स्की जितक्या छान घसरतात तितक्या डोंगरावरही घसरत नाहीत! शेपट्या केबिनकडे ठेवा आणि पुढे फोमची घडी घाला, कारण जोरात ब्रेक मारला की सगळं पुढे येतं. मग इंचभर रुंदीचे, कॅम बकलचे (हाताने ओढून आवळायचे) दोन पट्टे कोपऱ्यांतल्या कड्यांना बांधा, एक बाइंडिंगच्या पुढे आणि एक मागे. रॅचेटचे (खटक्याने आवळणारे) पट्टे नकोत, दोन खटके जास्त झाले तरी हाताला कळत नाही. बंजी तर नकोच. ती ताणली जाते, आणि केबिनमागे भोवरा घेणारी हवा हलका माल वर उचलते. दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा तपासा, ते सैल होतातच.

खारट पाणी: बांधणी ठीक, पण खरा शत्रू बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेला मॅग्नेशियम क्लोराइड. तो हवेतला ओलावा ओढून घेतो, म्हणून वाळल्यासारखा दिसला तरी कडांवर गंज चढत राहतो. शिवाय बाइंडिंगच्या सांध्यांत शिरून ग्रीस घालवतो. उघड्या हौद्यात स्की बंद पिशवीतच हव्यात, निदान बाइंडिंगवर कव्हर तरी. हौद्याच्या भिंतींत आडव्या फळीसाठी खाचा असतील तर दोन फळ्या टाकून स्की त्यांवर ठेवा, म्हणजे खालच्या चिखलपाण्यापासून सुटतील. तेव्हा पट्टे फळ्यांभोवतीही फिरवा.

घरी पोचल्यावर पिशवी लगेच उघडा. ओल्या पिशवीत रात्रभर राहिलेल्या स्कीला सकाळी तांबूस कड दिसणारच. साध्या पाण्याने धुवा, पुसा, उभ्या वाळवा. बाइंडिंगवर प्रेशर वॉशर मारू नका. हलका गंज गमी स्टोनने (घासायच्या रबरी ठोकळ्याने) निघतो.

बर्फगोळा: एका जोडीवर टूरिंग (डोंगर चढायलाही चालणारं) बाइंडिंग आहे, ब्रेकच नाहीत. आणि बूट मागे हौद्यात टाकले तर?

तिरकी चाल: ब्रेक नसले की स्की एकमेकींवरून कात्रीसारख्या सरकतात. तिसरा पट्टा मधे लावा, पण सैलसर. त्याचं काम सरकणं थांबवणं, दाबणं नव्हे.

खारट पाणी: बूट केबिनमध्ये, पायाशी. थंडीत प्लॅस्टिक इतकं कडक होतं की पाय आत जात नाही. स्की मात्र केबिनमध्ये मोकळ्या नकोत, मागच्या सरकत्या काचेतून आत ढकललेल्या तर मुळीच नकोत. टोकं थेट मानेच्या रोखाने येतात.

चहाला थांबलात तर हौद्यातल्या जोड्यांमधून केबल कुलूप ओवून कड्याला लावा. आणि टायरची खोबण किमान ३/१६ इंच आहे ना, तेही पाहून घ्या. आय-७० च्या मॉरिसन ते डॉटसेरो या पट्ट्यात १ सप्टेंबर ते ३१ मे ट्रॅक्शनचा (टायरच्या पकडीचा) नियम असतो, आणि रिकाम्या पिकअपचं मागचं चाक बर्फात सगळ्यात आधी सुटतं.