म्हातारी हरणं ओळखायला कोणती दुर्बीण घेऊ? बजेट ५०००

सिडकोची आई: लेक झूलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट घेतलंय, वय वाढलं की जंगलातलं हरीण जगायची शक्यता किती घटते. म्हणते येवल्याजवळच्या ममदापूरच्या राखीव जंगलात जाऊन वय ओळखून नोंदी करीन. ५००० च्या वर जाणार नाही, त्यातलंच सांगा.

गंगापूररोडकर: ताई ५००० मध्ये खेळणं येतं. माझी १८००० ची ८ बाय ४२ आहे (८ पट मोठं दाखवते, पुढची काच ४२ मिमी), पहाटेच्या अंधुक उजेडात फरक कळतो. थोडे वाढवा.

पंचवटीचा पोऱ्या: १० बाय ५० घ्या. माझ्याकडे तीच आहे, एक नंबर. मान दुखते फक्त.

येवलेकर: ममदापूरला काळवीट आहेत हो. त्यांची शिंगं जन्मभर तीच, चितळ-सांबराची गळून परत येतात. म्हणजे काळवीट शास्त्रात हरीण नाही, प्रोजेक्टमध्ये हरीण लिहिलं तर सर मार्क कापतील.

पंचवटीचा पोऱ्या: चार पाय आहेत ना, झालं. दुर्बिणीचं बोला.

मिसळवाला: ऑनलाइन चुकूनही नको. मी मागवली ती आतून धुरकट निघाली, रिटर्नला रडवलं नुसतं.

जुना वनरक्षक: ताई, कुठल्याच दुर्बिणीतून नेमकं वय कळत नाही. पाडस, तरुण, मोठं, बास. वय दातांवरून काढतात, तेही मेलेल्याचा जबडा मिळाला तर. दाढा झिजल्या की चारा नीट चावला जात नाही, अंगावर चरबी धरत नाही आणि मग वाईट दिवसांत म्हातारं आधी जातं. स्कॉटलंडच्या रम बेटावर लाल हरणं जन्मापासून एकेक ओळखून ५० वर्षांहून जास्त नोंदी ठेवल्यात. तिथे माद्या साधारण ९ वर्षांनंतर ढासळायला लागतात, तरुणपणी जास्त पाडसं झालेल्या तर अजून लवकर. नर त्यांच्याहून कमी जगतात, माजात मारामाऱ्या आणि खाणं जवळपास बंद. ममदापूरला पुढच्या वर्षी एखादी मादी दिसली नाही तर मेली का पलीकडच्या शेतात गेली, कसं सांगणार? रमवरचे छापील आकडे वापरा, दुर्बीण राहू द्या.

मिसळवाला: आपल्याकडे वाघ, रानकुत्रे म्हातारं होऊ देतात का?

जुना वनरक्षक: म्हणून तर रम. तिथे मोठ्या हरणाला मारणारे शिकारी प्राणी नाहीत, अभ्यासाच्या भागात माणसाची शिकारही बंद, त्यामुळे नुसत्या वयाचा परिणाम दिसतो.

गंगापूररोडकर: ८ बाय ४२ च घ्या, परत सांगतो.

सिडकोची आई: सगळ्यांचे आभार. मेन रोडवर २० बाय ५० मिळाली २८०० ला, लेकीला तीच आवडली. रविवारी ममदापूर.

गंगापूररोडकर: २० बाय??? हातात धरून चित्र थरथरणार, ट्रायपॉड लागेल.

सिडकोची आई: राहिलेल्या पैशात ट्रायपॉड बसतो का? कुठला घेऊ?

पंचवटीचा पोऱ्या: माझा ९००० चा आहे, लय भारी.