कॅनॉलवरचा दगडी पूल पाडून पाइप टाकायचे? माझा विरोध आहे, तुमचं मत सांगा

हिप्परगेकर:
एकरुखच्या जुन्या कॅनॉलवरचा आपल्या रस्त्यावरचा कमानीचा पूल पाडायचा, खाली सिमेंटचे पाइप टाकायचे आणि वरनं मुरूम भरून रस्ता रुंद करायचा असं गावात चाललंय. माझा साफ विरोध. एकरुख म्हणजे आपला हिप्परगा तलाव, आदिला नदीवर मातीचा बांध घालून 1871 ला पुरा झाला, आणि पुढं पाचच वर्षांत 1876 चा दुष्काळ पडला, म्हणजे इथं पाणी का अडवलं ते वेगळं सांगायला नको. जुना आहे म्हणून नुसता बघायला ठेवा असं मी म्हणत नाय. कॅनॉलची वाट बंद करू नका एवढंच म्हणणं आहे. जोराचा पाऊस झाला की वरच्या रानांचं पाणी ह्याच कॅनॉलमध्ये उतरतं आणि कमानीखालनं सरळ निघून जातं, तिथं पाइप टाकले की धसकटं, बाभळीच्या फांद्या, प्लास्टिक सगळं तोंडाशी अडकणार आणि पाणी कडेच्या घरात शिरणार. रस्ता पाहिजे तर शेजारी नवा पूल बांधा.

डबल_ट्रॉली:
तुमी मोटरसायकलवर जाता, आमाला विचारा की. उसाच्या दोन ट्रॉल्या घेऊन त्या पुलावर चढायचं म्हणजे जीव मुठीत धरून. एका बाजूचा कठडा ढासळलाय, समोरनं एसटी आली तर मागं कुणी घ्यायचं? दोन ट्रॉल्या मागं घेता येतात का? सीझनला तिथं रांगच लागती, त्यात एखादी अॅम्ब्युलन्स अडकली तर कोण जबाबदार? आन् कॅनॉलमध्ये पाणी कुठं हाय बे, वेड्या बाभळी आणि कचरा हाय नुसता.

टेलचा_शेतकरी:
पाणी येत नाय म्हणून कॅनॉल मेला म्हणायचं का मग? आमच्यासारख्या टेलवाल्यांच्या, म्हणजे कॅनॉलच्या शेवटच्या टोकाच्या, जमिनी तर कधीच मेल्या म्हणायच्या. एकरुख उपसा सिंचन योजनेत उजनीचं पाणी हिप्परग्यात आणून पुढं दक्षिण सोलापूर, अक्कलकोटकडं न्यायचं आहे, अशा वेळी आपल्याच हातानं जुने कालवे बुजवायचे हे मला पटत नाय. आणि परवानगीशिवाय कालव्यात अडथळा करणं 1976 च्या पाटबंधारे कायद्यानं गुन्हा आहे, हे ग्रामसभेत कुणी बोललं का?

रात्रपाळी:
सगळे कमानीचं कौतुक करताय, महाड विसरलात का? 2 ऑगस्ट 2016, सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला दगडी पूल रात्री पुरात गेला, एसटी बस गेल्या, माणसं गेली. तोही भक्कमच वाटत होता की. माझी पोरगी रोज ह्याच पुलावरनं शाळेच्या रिक्षानं जाते. मला इतिहास नको, मला पूल धड पाहिजे.

साइट_इंजिनिअर:
ताई, तुमची भीती बरोबर आहे, पण महाडला शेजारी दुसरा नवा पूल होता, तरी जुन्यावरनं वाहतूक चालूच ठेवली होती. आपण तेच टाळा म्हणतोय. कमानीत दगड एकमेकाला दाबून धरतात आणि भार दोन्ही बाजूच्या पायावर जातो, त्यामुळं धोका बहुतेक वेळा वर दिसत नाही, तो खाली असतो, पाण्यानं पायाखालची माती उकरली की. तेव्हा आधी पाया तपासायचा. सांध्यात पिंपळ उगवलाय तो वरवर छाटून उपयोग नाही, मूळ काढायला पाहिजे. आणि चुन्याच्या बांधकामावर सिमेंटचा गिलावा मारायचा नाही, आत ओल कोंडते आणि दगड सुटतात. जड गाड्या नव्या पुलावरनं, जुन्यावरनं पायी आणि दुचाकी.

बांधाशेजारी:
शेजारी बांधा, शेजारी बांधा. जमीन कुणाची जाणार ते पण सांगा ना. त्या बाजूला माझं रान आहे, आधीच रस्त्यात थोडं गेलंय. पैसे कधी मिळतात ते आमाला माहीत आहे. त्यापेक्षा पाइप बरे, कुणाचं काय जात नाय.

हिप्परगेकर:
दादा, तुमच्या रानाला हात लावा असं मी म्हणणार नाय. कॅनॉलच्या दोन्ही अंगाला पाटबंधाऱ्याची हद्द असते, तिथं अतिक्रमण झाल्यामुळं जागा दिसत नाय. आधी मोजणी मागू, हद्दीचे दगड कुठं येतात ते बघू, मग जागा पुरते का ते ठरेल. आणि पाइप घातल्यावर पहिलं पाणी तुमच्याच रानात तुंबणार, उतार तिकडंच आहे.

डबल_ट्रॉली:
मोजणी करा, माझी ना नाय. पण ती कारखाने सुरू व्हायच्या आत झाली पाहिजे, आणि तोवर कठडा बांधून दोन्ही तोंडाला लाइट लावा. ते पण नाय झालं तर मी ग्रामसभेत पाइपच्या बाजूनंच हात वर करणार, आत्ताच सांगून ठेवतो.