मदत हवी आहे: रॉस-स्मिथ बेटं, आईला घेऊन एका दिवसात?

जानेवारीत अंदमानला जातोय, सोबत आई (वय ६८, गुडघे कुरकुरतात). सेल्युलर जेल ठरलंय, प्रश्न दिगलीपूरजवळच्या रॉस-स्मिथचा आहे. पोर्ट ब्लेअरसमोरचं पडक्या इमारतींचं रॉस नव्हे हं, त्याचं तर २०१८ मध्ये नावही बदललं. ही एरियल बेहून होडीने जायची जोडबेटं, मधे ओहोटीला उघडा पडणारा वाळूचा दांडा. तो दिसावा म्हणून ओहोटीची वेळ बघून होडी ठरवता येते का? परवाना त्याच दिवशी मिळतो का? जेवणाचा डबा नेलेला बरा ना? आणि खरी काळजी म्हणजे, होडीतून उतरताना गुडघाभर पाण्यात उडी मारावी लागते का? आईला तेवढंच जमणार नाही. अलीकडे कोणी गेलं असेल तर प्लीज सांगा.